वेशीवरचा माणूस आणि विद्यापीठाची सुरक्षा

१

विद्यापीठाच्या आवारात शिकणारी मुले-मुली निर्भयपणे वावरली पाहिजेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. दुमत आहे ते ही निर्भयता कोण निर्माण करणार, कोणाच्या कष्टावर आणि कोणाच्या पैशाने, याबद्दल. गेल्या दहा-बारा वर्षांत कुठल्याही विद्यापीठात काही अघटित घडले की ठरावीक मागण्या पुढे येतात. भिंत उंच करा, कॅमेरे लावा, बंदूकधारी रक्षक ठेवा, आवारातच पोलीस ठाणे उघडा. या मागण्यांच्या निवेदनांवर आपल्याही कार्यकर्त्यांच्या सह्या असतात. म्हणूनच त्यांची चिकित्सा आपल्या व्यासपीठावर होणे अगत्याचे आहे.

ही चिकित्सा करताना एका माणसाकडे पाहावे लागेल. तो रोज विद्यापीठाच्या दारात उभा असतो. त्याला प्राध्यापक ओळखत नाहीत, विद्यार्थी नावाने हाक मारत नाहीत, आणि अंदाजपत्रकात तो माणूस म्हणून नव्हे तर 'सुरक्षासेवा' या खर्चाच्या शीर्षाखाली असतो. विद्यापीठाच्या सुरक्षेचा प्रश्न हा मूलतः या माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे, असे माझे प्रतिपादन आहे. त्याची जागा कायम ठेवायची की ठेक्यावर द्यायची, यावर आवारातील दुर्बळांची सुरक्षितता अवलंबून आहे.

२

विद्यापीठ अनुदान आयोगाचे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत. पहिला 'सक्षम' नावाचा २०१३ चा अहवाल. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झालेल्या अत्याचारानंतर आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने तो सिद्ध केला. दुसरा दस्तऐवज म्हणजे २०१५ ची विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे. दोघांत अंतर दोन वर्षांचे. पण भाषा दोन निरनिराळ्या जगांतल्या.

'सक्षम' अहवाल दिव्यांविषयी, स्वच्छतागृहांविषयी, वाहतुकीविषयी बोलतो. सुरक्षिततेच्या नावाखाली पाळत वाढू नये, मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने येऊ नयेत, असे तो बजावतो. २०१५ ची तत्त्वे भिंतीपासून सुरू होतात. भिंत सहज चढता येऊ नये इतकी उंच असावी. तिच्यावर काटेरी तारेची वेटोळी असावीत. प्रवेशद्वारे तीन किंवा त्याहून कमी असावीत आणि प्रत्येकावर पुरेसे सशस्त्र असे किमान तीन रक्षक असावेत. अनोळखी माणसाची ओळखीच्या पुराव्यासह नोंद व्हावी. वर्गात आणि वसतिगृहात बोटाच्या ठशाने हजेरी घ्यावी. शक्य असेल तेथे आवारातच पोलीस ठाणे व्हावे, म्हणजे उपद्रवी लोकांना धाक बसेल.

पहिल्या दस्तऐवजातला विद्यार्थी हक्क असलेला नागरिक आहे. दुसऱ्यातला विद्यार्थी निम्मा ठेव आणि निम्मा संशयित आहे. रक्षकाचे काय? दुसऱ्या दस्तऐवजात त्याची संख्या ठळकपणे येते. त्याच्या पगाराला, पाळीला, निवृत्तिवेतनाला त्या आराखड्यात जागा नाही. भिंतीची उंची सांगणाऱ्या लेखणीला भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्याची भाकरी दिसत नाही. हा निव्वळ विसरभोळेपणा म्हणता येत नाही. समाजव्यवस्थेने ज्या माणसाला नेहमीच गृहीत धरले, त्याला येथेही गृहीत धरले आहे.

३

काटेरी तार आणि हजेरी हे शब्द सोलापूरला नवीन नाहीत. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. तो मुंबई इलाख्याला १९११ मध्ये लागू झाला. त्या कायद्याखाली सोलापुरात मोठी वसाहत उभी राहिली. कैकाडी, भामटा, पारधी अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणात कोंडली गेली. बाहेर जायचे तर पास, आत असेल तर हजेरी. दिवसा गिरण्यांत स्वस्त मजुरी आणि पाळी सुटली की पुन्हा तारेच्या आत. या सगळ्या बंदोबस्ताचे समर्थन 'सुधारणा' आणि 'समाजाची सुरक्षितता' या दोन शब्दांनी होत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. पण त्या वस्तीला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतात. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवणारी नजर कायद्याबरोबर संपली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला. कारण पोलीस खालून कसा दिसतो हे त्याने पाहिलेच नव्हते.

आता विद्यापीठाकडे पाहा. शिवाजी विद्यापीठातून वेगळे होऊन १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. पुणे रस्त्यावर केगावला त्याचे आवार आहे. गिरणीकामगाराची नात, विडी वळणाऱ्या बाईची मुलगी, सेटलमेंटमधल्या घरातला मुलगा यांच्यासाठी हे विद्यापीठ जवळ आले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व. अशा मुलांच्या विद्यापीठाने काटेरी तार, पास आणि ठशाची हजेरी हाच सुरक्षेचा आदर्श मानायचा काय? ज्यांच्या आजोबांची हजेरी मुकादमाने घेतली, त्यांच्या नातवाची हजेरी यंत्राने घेतली म्हणून तिचा अर्थ आपोआप बदलत नाही.

कुंपणाबरोबर दाराचाही इतिहास आहे. गावगाड्यात वेशीचे दार उघडणारा आणि लावणारा वेसकर हा महार होता. गावाचे रक्षण त्याने करायचे, चोराचा माग त्याने काढायचा, सरकारी खजिन्याबरोबर त्याने जायचे. मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागायची. गावाची सुरक्षितता ज्याच्या हाती, त्याला गावात राहण्याची मात्र मुभा नव्हती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमक्या याच नोकरीवर बोट ठेवले. या चाकरीला तास नाहीत, चोवीस तास हुकमाची ताबेदारी आहे, वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला राबावे लागते आणि मोबदला नाममात्र आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. कनिष्ठ वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले.

वतन गेले, पण तास नसलेली चाकरी गेली काय?

४

या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक दार चोवीस तास राखायचे, तर आठ तासांच्या तीन पाळ्या लागतात. वर्षाच्या १,०९५ पाळ्या होतात. एका माणसाच्या ५२ साप्ताहिक सुट्या आणि रजा-सणांचे ३० दिवस वजा केले, तर तो वर्षात २८३ पाळ्या देतो. म्हणजे एका दाराला चार माणसे लागतात. दोन दारे, तीन वसतिगृहे, ग्रंथालय आणि प्रशासकीय इमारत अशी सात ठिकाणे धरली, तर २८ माणसे झाली. यात पर्यवेक्षक अजून धरलेला नाही.

ठेकेदार हेच काम १४ माणसांत करतो. कसे? बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. आठवड्याचे १६८ तास दोघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ८४ येतात. बदली माणूस नाही, म्हणून सुटी नाही. दुसरा आला नाही तर पहिल्यानेच पुढची पाळी ओढायची. जादा तासांना दुप्पट वेतन हे कायद्याच्या पुस्तकात राहते. मग अंदाजपत्रकाच्या बैठकीत सांगितले जाते, की ठेका दिल्याने बचत झाली.

ही बचत येते कुठून, असा प्रश्न अधिसभेत विचारला गेला पाहिजे. ठेकेदार धर्मादाय काम करीत नाही. त्याचा नफा बिलात असतो. शिवाय शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांना सुरक्षासेवेवरील वस्तू व सेवा करातून सूट आहे, विद्यापीठाला नाही. विद्यापीठाच्या १०० रुपयांच्या बिलावर १८ रुपये कर चढतो. विद्यापीठाने स्वतः नेमलेल्या पहारेकऱ्याच्या पगारावर असा कर नसतो. नफा आणि कर दोन्ही देऊन जे काम स्वस्त पडते, ते कोणाच्या तरी शरीरातून काढून घेतलेले असते. ते न नेमलेल्या चौदा माणसांच्या चुलीतून आणि नेमलेल्या चौदा माणसांच्या झोपेतून येते.

याचा सगळा दोष एकट्या कुलगुरूंवर किंवा कुलसचिवांवर टाकणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मंजूर पदांचा पगार शासन देते. शासनाने पद मंजूर केले नाही किंवा रिक्त पद भरू दिले नाही, तर विद्यापीठाला स्वनिधीकडे वळावे लागते. स्वनिधी म्हणजे मुख्यतः परीक्षाशुल्क, संलग्नताशुल्क आणि ठेवींचे व्याज. याचा सरळ अर्थ असा, की शासनाने अंग काढून घेतले आणि रखवालीचा भार परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यावर आला. विडीकामगाराची मुलगी आपल्या परीक्षाशुल्कातून ज्याची मजुरी देते, तो रखवालदार बहुधा तिच्याच वस्तीतला असतो. दोघांच्या मध्ये ठेकेदार उभा आहे.

आणि हा योगायोग नाही, ते धोरण आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित माध्यमिक शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे माणूस निवृत्त होताच संपवण्याचे ठरले. शिपायाबरोबर पहारेकरीही त्यात आला. पदाच्या जागी शिपाई भत्ता, ग्रामीण भागात दरमहा ५,००० रुपये. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला. तरुणांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, रीत रद्द झाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले, की कायम स्वरूपाच्या कामावर वर्षानुवर्षे हंगामी माणूस राबवणे आणि मग ठेक्याची ढाल पुढे करणे अन्यायाचे आहे.

चतुर्थ श्रेणीच्या या पदाचे आपल्या इतिहासातले स्थान काय होते? आपल्यातल्या कित्येक घरांत पहिला नियमित पगार शिपायाचा, हमालाचा नाहीतर वॉचमनचा आला. त्या पगारावर पुस्तके आली, निवृत्तिवेतनावर बहिणींची लग्ने झाली, आणि दुसऱ्या पिढीत कुणी शिक्षक झाले, कुणी नर्स झाले. त्या पदाला बिंदुनामावली होती. राखीव जागा होत्या. ठेकेदाराला बिंदुनामावली नाही. आरक्षणावर एकही हल्ला न करता आरक्षण संपवण्याची ही पद्धत आहे. ज्या पदाने वेसकराचा मुलगा विद्यापीठाच्या दारातून आत गेला, तेच पद मोडून विद्यापीठाने दारावर नवा वेसकर उभा केला आहे.

५

काहीजण म्हणतील, ठेक्याचा दुबळा रखवालदार नको हे मान्य. मग विद्यापीठाला स्वतःचे खरे पोलीसच का नसावेत? अमेरिकेत आहेत.

आहेत, हे खरे. येल विद्यापीठाने १८९४ मध्ये ही प्रथा सुरू केली. आज तेथल्या अनेक विद्यापीठांकडे पिस्तूल बाळगणारे आणि अटक करणारे स्वतःचे पोलीसदल आहे. फळ काय मिळाले? जुलै २०१५ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या पोलिसाने आवाराबाहेर, मोटारीला पुढची नंबरपट्टी नाही एवढ्या कारणावरून सॅम्युअल डुबोस या निःशस्त्र काळ्या माणसाला थांबवले आणि डोक्यात गोळी घालून ठार केले. पुढल्या वर्षी विद्यापीठाने त्याच्या कुटुंबाला ४८ लाख ५० हजार डॉलर आणि त्याच्या बारा मुलांना मोफत शिक्षण देण्याचे मान्य केले. दोनदा खटला चालूनही ज्यूरीचे एकमत झाले नाही. बापाला मारून मुलांना शिक्षण देणारे विद्यापीठ हे विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकाचे चित्र आहे. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले ते काळ्या पँथरांकडून. पोलिसी अत्याचाराविरुद्ध उभे राहणे हे त्या चळवळीचे पहिले काम होते. नाव घेतले, तर तो अनुभवही घेतला पाहिजे.

आपल्याकडचा अनुभवही वेगळे सांगत नाही. १५ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या जामियात पोलीस ग्रंथालयात शिरले. पुढच्याच महिन्यात, ५ जानेवारी २०२० रोजी, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तोंड बांधलेली टोळी वसतिगृहांत मारहाण करीत होती, तेव्हा ना दारावरचे रक्षक उपयोगी पडले ना बाहेरचे पोलीस वेळेवर आत आले. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात विनयभंगाची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीचे म्हणणे होते, की जवळचे रक्षक धावून आले नाहीत. दाद मागणाऱ्या मुलींच्या वाट्याला लाठीमार आला. रक्षक होते, पोलीस होते. प्रश्न ते कोणाला जबाबदार आहेत हा होता.

हैदराबादला तर भिंतीचीही गरज लागली नाही. पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि सार्वजनिक जागांतून बंदी करणारा आदेश पुरेसा ठरला. त्यांनी आवारातच उघड्यावर बिऱ्हाड मांडले आणि त्याला नाव दिले 'वेलिवाडा', म्हणजे गावाबाहेरचा दलितवाडा. त्यांच्यातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. विद्यापीठाला वेस असते हे त्या मुलांनी एका शब्दात सांगितले. रोहितला कोणत्या सशस्त्र रक्षकाने वाचवले असते?

६

येथे एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. खेड्यातला बाप मुलीला शहरात पाठवतो, तेव्हा तो वसतिगृहाचे दार पाहतो. दार नीट नसेल तर मुलीचे शिक्षण थांबते. हे खरे आहे, आणि ज्यांच्या बहिणी बारावीनंतर घरी बसल्या त्यांना ते सांगावे लागत नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सावित्रीदेवी फुले शासकीय वसतिगृहात अकोल्याच्या एका विद्यार्थिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. संशय वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर होता. तो त्याच दिवशी रेल्वेरुळावर मृत आढळला. धोका भिंत चढून आला नाही, आतूनच आला. यातून उलटा निष्कर्ष काढू नये, की कष्टकरी रखवालदार हाच धोका आहे. निष्कर्ष असा, की कोण कामावर आहे, कोणी नेमला, त्याची चौकशी झाली काय, रात्री मजल्यावर स्त्री कर्मचारी आहे काय, याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित असली पाहिजे. नेमणूक ठेकेदाराची, हुकूम रेक्टरचा, हजेरी तिसऱ्याची, अशा व्यवस्थेत जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

दारावरचा माणूस कोणाला अडवतो हेही त्याच्या नोकरीवरून ठरते. एका शिक्षणसंस्थेच्या दारात, तेथे व्याख्यानाला बोलावलेले असताना, मला थांबवून ओळखपत्र मागण्यात आले. बरोबरचे सहकारी न विचारता पुढे गेले. विचारणारा आपल्यातलाच होता. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. ज्याची नोकरी उद्या राहील की नाही हे ठेकेदार ठरवतो, तो मोटारवाल्याला अडवणार नाही. पायी येणाऱ्याला, काळ्या रंगाच्या, साध्या कपड्यांतल्या माणसाला अडवेल. तो व्यवस्थेची नजर उसनी घेऊन आपल्याच माणसाकडे पाहतो. त्याची नजर बदलायची असेल, तर आधी त्याची नोकरी पक्की केली पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी करावी. चोवीस तासांच्या प्रत्येक जागेला चार माणसे, आठ तासांची पाळी, मंजूर पद, बिंदुनामावलीप्रमाणे भरती, आणि त्याचा पगार शासनाच्या वेतन अनुदानातून. पदे मिळेपर्यंतच्या काळात ठेकेदाराऐवजी १९८१ च्या खाजगी सुरक्षारक्षक कायद्याखालील मंडळाकडे जावे. तेथे नोंदलेल्या रक्षकाला निदान वेतन, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा आधार असतो. २०१० च्या कायद्याने झालेल्या राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान बोलावून प्रश्न सुटत नाही. तेही कंत्राटीच आहेत. मुलींच्या वसतिगृहावर स्त्री रक्षक हव्यात, पण त्यांच्यासाठी दाराजवळ स्वच्छतागृह आणि रात्री घरी जाण्याची सोयही हवी. आवारात बंदूक नको. रक्षकांविषयीच्या आणि रक्षकांच्या, अशा दोन्ही तक्रारी ऐकणारी समिती हवी. तीत विद्यार्थिनी असाव्यात आणि दारावरच्या माणसांचा प्रतिनिधीही असावा.

गुन्हा घडला तर पोलीस ठाणे बाहेर आहेच. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे; त्याखालची फिर्याद तेथेच नोंदवली गेली पाहिजे. आवारातले पोलीस ठाणे विद्यापीठाची अब्रू आधी पाहील आणि दलित विद्यार्थिनीची फिर्याद नंतर, ही भीती निराधार नाही.

शेवटी आपल्या चळवळीविषयी. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण लढलो. घरे जळली, माणसे गेली. तो लढा विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाचा होता. अध्यापकांच्या राखीव जागांसाठी आपण न्यायालयापर्यंत जातो, आणि गेलेच पाहिजे. परंतु त्याच विद्यापीठाच्या दारावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाचे पद कधी व्यपगत झाले, याचे निवेदन आपल्यापैकी कोणी दिले नाही. पदवीधरांची चळवळ पदवीधरांपुरती राहिली, तर वेशीच्या आत गेलेल्यांनी वेस लावून घेतली असाच त्याचा अर्थ होईल.

पुढच्या मार्चमध्ये अधिसभेपुढे अंदाजपत्रक येईल. तेथे आपले निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. सुरक्षेच्या शीर्षापाशी त्यांनी थांबावे आणि रक्कम विचारण्याआधी माणसे विचारावीत. किती दारे, किती माणसे, किती तास आणि कोणाची नेमणूक? या चार प्रश्नांची उत्तरे कार्यवृत्तात लेखी नोंदवून घ्यावीत. मग सुरक्षा वाढवण्याच्या ठरावाला हात वर करावा की नाही, ते ठरवावे.